जिजाईच्या बाजूने



आवडता चित्रपट कोणता, या प्रश्नाचे उत्तर आपण चटकन देतो. तो का आवडतो, असे कोणी पुढे विचारले की मात्र आपली भाषा तोकडी पडते. ‘गाणी सुरेख आहेत’, ‘कामे चांगली झाली आहेत’, ‘शेवटी डोळ्यांत पाणी येते’ एवढे सांगून आपण थांबतो. हे सांगणे खोटे नसते. पण त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. आपण साहित्याचे विद्यार्थी आहात. एखाद्या कादंबरीविषयी ‘फार छान आहे’ एवढेच लिहिले, तर त्या उत्तराला किती गुण मिळतील हे आपणांस ठाऊक आहे. मग चित्रपटालाच ही सवलत का द्यावी?

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस कसा जातो, याची मला कल्पना आहे. रविवारच्या संपर्कसत्राला येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी गेली अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. कोणी रात्रपाळी संपवून थेट वर्गात येतो, कोणी डेअरीला दूध घालून, कोणी घरातल्या सहा माणसांचा स्वयंपाक उरकून. अशा दिवसांतून दोन-अडीच तास काढायचे आणि ते चित्रपटापुढे बसून घालवायचे, ही चैनच म्हणायची. म्हणून मी ज्या चित्रपटांविषयी लिहिणार आहे, ते त्या वेळाचे मोल जाणूनच निवडले आहेत. ते जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट आहेत असा माझा दावा नाही. मी ते पुन्हा पुन्हा पाहिले आहेत आणि अजूनही पाहावेसे वाटतात, इतकेच.

ते का पाहावेसे वाटतात, याचा विचार करताना मला एक गोष्ट जाणवली. नायकाच्या बाजूने प्रेक्षकाला उभे करणे चित्रपटाला अवघड नसते. प्रकाश, संगीत, कॅमेरा ही सारी साधने नायकाच्याच सेवेला हजर असतात. जो चित्रपट मला त्याच्या समोरच्या माणसाशेजारी, जिचे मत मला पटत नाही अशा एखाद्या व्यक्तीशेजारी, थोडा वेळ नेऊन बसवतो, तो माझ्या मनातून जात नाही. ही माझी आवड आहे. तिला सिद्धान्त म्हणू नये. पण तिचा प्रारंभ कोठे झाला हे मला नेमके सांगता येते. तो झाला ‘संत तुकाराम’मधील जिजाईपाशी.

‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी तो दिग्दर्शित केला आणि विष्णुपंत पागनीस यांनी तुकारामांची भूमिका केली. १९३७ च्या व्हेनिस चित्रपट महोत्सवात त्याचा गौरव झाला. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत पुढे इतके रुजले की अनेकांनी ते तुकारामांचाच अभंग समजून गायिले. साहित्याच्या अभ्यासकाने या घटनेपाशी क्षणभर थांबावे: विसाव्या शतकातील एका कवीने सतराव्या शतकातील संताची वाणी इतकी आत्मसात केली की लोकांना दोन्हींमधला सांधा दिसला नाही. चमत्काराचे प्रसंग या चित्रपटात आहेत, खलप्रवृत्तीचा सालोमालो आहे, शेवटी वैकुंठाला नेणारे विमानही आहे. हे सारे त्या काळच्या संतपटांत असायचेच. परंतु या चित्रपटात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुकारामांची पत्नी जिजाई.

जिजाईचे काम गौरी यांनी केले. त्या ‘प्रभात’मध्ये झाडलोटीच्या कामावर लागल्या आणि गर्दीतील लहानसहान भूमिका करीत पुढे आल्या, असे सांगितले जाते. पडद्यावर त्यांना पाहिले की ते सहज पटते. त्यांच्या चालण्याबोलण्यात नाटकीपणाचा लवलेश नाही. कमरेवर हात देऊन उभे राहणे, म्हशीची निगा राखणे, भांड्यांची आदळआपट करणे, सारे अंगवळणी पडलेले दिसते. तिचा प्रश्न साधा आहे: घरात धान्य नाही, पोरे भुकेली आहेत, आणि घरधनी मात्र विठ्ठलाच्या नामात दंग. मूल आजारी पडते तेव्हा ती एका हाताने त्या पोराला ओढीत आणि दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवळाकडे निघते. देवाला जाब विचारायचा आहे! संतपट पाहायला आलेल्या भाविक प्रेक्षकांपुढे, संताची बायको, देवावर पायताण उगारून. १९३६ साली हा प्रसंग चित्रित करणाऱ्यांच्या निर्भयपणाचे मला आजही नवल वाटते. त्याहून नवल याचे वाटते की प्रेक्षकाला तिचा राग येत नाही. तो हसतो आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की या बाईचे म्हणणे खोडून काढता येणार नाही.

पुढे शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकाराम परत करतात. विरक्तीचा हा प्रसंग आपण लहानपणापासून कथा-कीर्तनांतून ऐकलेला असतो आणि तो ऐकताना आपली मान आपोआप डोलते. चित्रपटात मात्र तो पाहताना माझी नजर तुकारामांच्या शांत चेहऱ्यावर टिकत नाही. ती जिजाईकडे जाते. दाराशी आलेले सुख परत जाताना जी पाहते, तिला विरक्तीचे वैभव कोण आणि कसे समजावून सांगणार? दिग्दर्शकांनी तिची टिंगल केली असती तर काम सोपे झाले असते. तुकारामांचे मोठेपण उठून दिसावे म्हणून तिला कर्कशा करून सोडता आले असते. अनेक आख्यानांनी तसे केलेही आहे. येथे तसे झालेले नाही. तुकारामांचे म्हणणे खरे आहे आणि तिचेही खरे आहे. या दोन खऱ्या गोष्टी एका छपराखाली नांदत असल्यामुळेच तो संसार आपल्याला खरा वाटतो.

येथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील वारकरी होते. आषाढीची वारी त्यांनी कधी चुकविली नाही. आषाढी म्हणजे पेरणीचे दिवस. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तर ठीक. तो लांबला की वाफसा येण्याची आणि दिंडी निघण्याची वेळ एकच यायची. वडील पताका घेऊन निघायचे आणि आई चाड्यावर मूठ धरायची. पाभर हाकायला कोणीतरी चुलता किंवा शेजारी मिळायचा. पण बी किती सुटते आहे याच्याकडे लक्ष तिचे. तिने याबद्दल कधी भांडण केल्याचे मला आठवत नाही. वारीला जाणाऱ्याला अडवणे हे पाप, असे तीही मानत असावी.

मी दहा-अकरा वर्षांचा असताना आमच्या गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि त्यात ‘संत तुकाराम’ लागला. पडद्यापुढे जमिनीवर माणसे, मधून कापड लावून बायकांची वेगळी बाजू. पागनीस पडद्यावर आले तशी काहींनी हात जोडले. परत येताना कंदिलाच्या उजेडात आई शेजारणीला म्हणाली, “तो गेला विमानात बसून. म्हशीला वैरण कोण घालणार होतं गं मागं?” वडील चार पावले पुढे चालत होते. त्यांनी ते ऐकले, एवढे मला नक्की ठाऊक आहे, कारण त्यांचे तोंडातल्या तोंडात चाललेले भजन थांबले. पुढच्या वर्षी ते दिंडीबरोबर निघाले नाहीत. पेरणी उरकली, मग एस.टी.ने गेले आणि वाखरीला दिंडीत मिसळले. हे चित्रपटामुळे घडले की त्या वर्षी पाऊस फारच लांबल्यामुळे, हे मी सांगू शकत नाही. आईने त्यावर काही भाष्य केले नाही. मला मात्र तेव्हापासून पडद्यावरच्या कथेत मागे कोण उरले, हे पाहण्याची खोड लागली.

चित्रपटाच्या शेवटी तुकाराम वैकुंठाला जाण्याची गोष्ट घरी सांगतात. तिचे चित्त चुलीत आणि पोरांत. रोजच्या अनेक बोलण्यांपैकी हे एक, असेच तिला वाटते. सदेह वैकुंठगमनाचे दृश्य त्या काळाच्या मानाने मोठ्या कौशल्याने साधलेले आहे. आजच्या तंत्राच्या तुलनेत ते भाबडे वाटेल. ते भाबडेपण आपण खुशाल सोडून द्यावे. जमिनीवर उरलेली जिजाई पाहावी.

याच ‘प्रभात’ने पुढच्याच वर्षी, १९३७ साली, ‘कुंकू’ काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी तो केला. नीरा ही तरुण मुलगी फसवणुकीने एका वृद्ध विधुर वकिलाच्या गळ्यात बांधली जाते आणि हे लग्न मानायला ती निग्रहाने नकार देते. शांता आपटे यांची नीरा पाहताना आजही अंगावर काटा येतो. पण माझ्या आवडीचा विषय म्हणजे केशवराव दाते यांनी साकारलेले काकासाहेब. त्यांचा अन्याय उघड आहे. कोणताही सुबुद्ध प्रेक्षक त्यांच्या बाजूने मत देणार नाही. तरीही भिंतीवरचे जुने घड्याळ टोले देते आणि आपले वय ओळखून ते अस्वस्थ होतात, तेव्हा आपणही त्यांच्याबरोबर ते टोले मोजू लागतो. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे, यंत्रांचे स्वाभाविक आवाज तेवढे ऐकू येतात. त्यामुळे कोणत्या क्षणी काय वाटून घ्यावे, हे सांगणारे कोणी शेजारी बसलेले नसते. शेवटी नीरेला मोकळे करण्यासाठी काकासाहेब स्वतःचे जीवन संपवतात. हा शेवट मला पुरता पटलेला नाही. अपराध्याला मरणाने उजळून काढण्याची ती जुनी वाट आहे. पण तोपर्यंत दात्यांनी जे केले आहे, ते पाहण्यासाठी हा चित्रपट अवश्य पाहावा.

बंगाली चित्रपट पाहण्याचा प्रसंग आपल्यापैकी अनेकांना आला नसेल. भाषा येत नाही म्हणून ‘पाथेर पांचाली’ टाळू नका. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरून सत्यजित राय यांनी १९५५ साली तो पूर्ण केला. अपू आणि दुर्गा ही भावंडे काशाच्या फुलांतून धावत आगगाडी पाहायला जातात, ते दृश्य आपण छायाचित्रांतून कदाचित पाहिले असेल. मी आपले लक्ष दुसरीकडे वेधणार आहे. त्या घरात इंदिर ठाकरून नावाची एक म्हातारी आहे. नात्याने दूरची, पोक आलेली, दात पडलेली. चुनीबाला देवी या जुन्या नाट्य-अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. ही म्हातारी स्वयंपाकघरातले काहीबाही उचलते, दुर्गा तिच्यासाठी शेजारच्या बागेतले पेरू चोरून आणते, आणि घरची सून सर्वजया तिला टाकून बोलते. एकदा आजारी म्हातारी परत येते आणि या घरी मरू द्या म्हणून विनवते; सर्वजया तिला राहू देत नाही. म्हातारी स्वतःच पाणी घेते, उरलेले पाणी अंगणातल्या रोपाला घालते आणि निघून जाते. पुढे बांबूच्या बनात मुलांना तिचे कलेवर सापडते.

हे असे शब्दांत सांगितले की सर्वजया दुष्ट ठरते. चित्रपट पाहताना ती तशी ठरत नाही, आणि हेच मला फार मोठे वाटते. नवरा पोथ्या-पुराणांच्या आधारे पोट भरणारा, स्वप्नाळू, महिनोन्‌महिने बाहेर. मुलांच्या ताटात काय वाढावे याची विवंचना तिची एकटीची. म्हातारीने उचललेली मिरची ही तिच्या मोजक्या मिरच्यांपैकी एक असते. दारिद्र्य माणसाला निष्ठुर करते, असे विधान आपण निबंधात सहज लिहितो. येथे ते एका बाईच्या ओठांच्या कडांवर हळूहळू उमटताना दिसते. (जिजाई आणि सर्वजया या दोघींची तुलना करणारा एखादा स्वाध्याय मला कधीतरी आपणांस द्यायचा आहे.) दुर्गेच्या मृत्यूनंतर बाप परत येतो, आणलेल्या वस्तू एकेक दाखवू लागतो, मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो. सर्वजयेचा बांध फुटतो. त्या क्षणी तिचा आक्रोश ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा सूर येतो. ‘कुंकू’ने संगीत काढून जे साधले, ते रायांनी मानवी आवाज काढून आणि संगीत ठेवून साधले. दोन्ही वाटा शेवटी एकाच ठिकाणी पोहोचतात: दुःखाची जाहिरात होत नाही.

‘उंबरठा’विषयी लिहिताना मला थोडे सावध राहावे लागते, कारण त्यावरून आमच्या वर्गात झालेला वाद अजून मिटलेला नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला हा १९८२ चा चित्रपट. सुलभा महाजन शिक्षण घेऊन घराबाहेर पडते, दूरगावच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक होते, आणि परत येते तेव्हा घरातील तिची जागा उरलेली नसते. स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यावर त्या शेवटच्या आगगाडीच्या प्रवासात जे दिसते, त्याला मला अजून नेमका शब्द सापडलेला नाही. वर्गात बहुतेक विद्यार्थिनी सुलभाच्या बाजूने बोलल्या, काही विद्यार्थी नवऱ्याच्या बाजूने, आणि चर्चा ओळखीच्या वळणाने चालली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली. अंगणवाडीत काम करणारी, वर्गात क्वचितच बोलणारी. ती म्हणाली, “सर, सुलभाच्या मुलीला सांभाळते ती तिची जाऊ. तिच्याबद्दल कोणीच काही का बोलत नाही? आज माझा मुलगा माझ्या जावेपाशी आहे. मी इथं बसून स्त्रीमुक्ती शिकते, ती तिथं त्याला जेवू घालते.” वर्ग गप्प झाला. मग एकीने तिला विचारले, “तर मग तू शिकू नको असं म्हणतेस का?” “तसं नाही म्हणत,” ती म्हणाली, “पण ती पिक्चरमध्ये कुठं उभी असते ते बघा, एवढंच.”

मी घरी गेलो आणि तेवढ्यासाठी चित्रपट पुन्हा पाहिला. ती जाऊ आपल्या जागी होती. दिग्दर्शकाने तिला लपविलेले नव्हते, तिला दुष्टही केले नव्हते. मुलीचा लळा तिच्याकडे वळला, यात तिचा काय दोष? सुलभाचा उंबरठा ओलांडणे मला तेवढेच आवश्यक वाटते, जेवढे पूर्वी वाटत होते. पण आता त्या घरात मला एक माणूस अधिक दिसते. आपल्यापैकी ज्या विद्यार्थिनी घरच्यांचा विरोध सोसून या पदवीपर्यंत आल्या आहेत, त्यांनी हा चित्रपट पाहावाच. शक्य असेल तर जावेलाही सोबत घ्यावे.

‘श्वास’ (२००४) आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मराठीला पुन्हा त्यानेच मिळवून दिले. कोकणातले आजोबा, डोळ्याच्या कर्करोगाने ग्रासलेला नातू परशुराम, आणि जीव वाचवण्यासाठी दृष्टी गमावण्याची अट. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा नातवाला रुग्णालयातून परस्पर बाहेर नेतात आणि डोळे आहेत तोवर शहर दाखवून आणतात. त्या दृश्यांत आपण सगळे आजोबांचेच असतो. पण रुग्णालयात संतापलेला तो शल्यचिकित्सक, ज्याच्या पायाखालची जमीन सरकली आहे, तोही चुकीचे काय बोलतो? रुग्ण हरवला आहे आणि जबाबदारी त्याची आहे. संदीप सावंत यांनी त्याला आजोबांचा शत्रू केले नाही, म्हणून त्या दोघांची पुढची भेट इतकी भिडते. एवढे सांगून पुढे जातो; या चित्रपटावर लिहिण्यापेक्षा तो पाहणे सोपे आणि चांगले.

आता अशा चित्रपटाविषयी, जो पाहताना आपल्यापैकी काहींना कंटाळा येईल. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४). ‘संत तुकाराम’नंतर अनेक दशकांनी व्हेनिसला मराठीचा पुन्हा सन्मान झाला, तो याच चित्रपटामुळे. नारायण कांबळे नावाचे वृद्ध लोकशाहीर. त्यांचे गाणे ऐकून एका गटार-सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा त्यांच्यावर आरोप. खटला चालत राहतो, तारखा पडत राहतात. कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, अगदी न्यायालयाच्या बाकावर ताटकळणाऱ्या पक्षकारासारखा. ज्यांनी जमिनीच्या किंवा भाडेकराराच्या कामासाठी कधी न्यायालयाची पायरी चढली आहे, त्यांना ही गती ओळखीची वाटेल.

या चित्रपटातील सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, जुनाट कलमे एका सुरात वाचत शाहिरांना तुरुंगात ठेवण्यासाठी झटत असतात. त्यांचा राग येऊ लागतो. आणि मग चित्रपट न्यायालयातून उठून त्यांच्यामागून निघतो. लोकलमध्ये त्या सहप्रवासी बाईशी साडीबद्दल, आहाराबद्दल बोलतात. मुलाला सोबत घेतात. घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. सुटीच्या दिवशी कुटुंबासह नाटकाला जातात. एकही प्रसंग त्यांना चांगले किंवा वाईट ठरवण्यासाठी घातलेला नाही. पाहता पाहता आपल्याला जाणवते की ही बाई आपल्या ओळखीची आहे. आपल्या इमारतीत, आपल्या कार्यालयात, कदाचित आपल्या घरात राहणारी. अन्याय करणारी माणसे संध्याकाळी भाजी निवडतात. जिजाईशेजारी बसणे सुखाचे होते, कारण तिची बाजू न्याय्य होती. नूतनशेजारी बसणे अवघड आहे. तिची बाजू न्याय्य नाही, आणि तरी तिच्या ओट्यावरचा कुकर आपल्याच घरातला वाटतो.

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ मी सर्वांत शेवटी घेतो आहे, कारण त्याने माझ्या या आवडीची परीक्षाच पाहिली. २०१४ साली तो चित्रपटगृहांत आला. जब्या हा शाळकरी मुलगा, वर्गातल्या शालूवर जीव जडलेला, काळ्या चिमणीच्या शोधात रानोमाळ हिंडणारा. आणि त्याचा बाप कचरू, म्हणजे किशोर कदम, गावाने सांगितले की डुकरे पकडायला जाणारा. बापाला मुलाने शाळा बुडवून या कामाला यावे असे वाटते. लेखी प्रश्नपत्रिकेत हा बाप ‘जाचक पिता’ ठरेल. पडद्यावर मात्र त्याची पाठ दिसते, गावातल्या प्रत्येक माणसापुढे थोडी वाकलेली, आणि मुलीच्या लग्नाची काळजी त्या पाठीवर वजनासारखी दिसते. त्याच्या शेजारी मी सहज बसलो. अवघड भाग पुढे होता.

शाळेच्या आवारात डुक्कर धरण्याची धडपड चाललेली असते. डुक्कर हाती येणार एवढ्यात राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते आणि डुक्कर समोरून निघून जाते. पुढे पकडलेले डुक्कर काठीला बांधून नेले जाते, तेव्हा मागच्या शाळेच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे आहेत. फुले, आंबेडकर त्यांत आहेत. कॅमेरा त्यांच्यावर जोर देत नाही. कोणी भाषण करीत नाही. सवर्ण पोरे मात्र सुरुवातीपासून तमाशा पाहायला जमलेली आहेत, हसताहेत, मोबाइलवर चित्रे काढताहेत, आणि शालूही त्या घोळक्यात आहे. अखेर जब्या दगड उचलतो आणि फेकतो. तो दगड थेट कॅमेऱ्याच्या, म्हणजे खुर्चीत बसलेल्या आपल्या दिशेने येतो. चित्रपट तेथेच संपतो.

आतापर्यंत मी आपणांस कोणाकोणाच्या शेजारी बसायला सांगत आलो. येथे दिग्दर्शकाने मला विचारले नाही. त्याने माझी जागा आधीच ठरवून ठेवली होती. आमच्या तालुक्याच्या चित्रपटगृहात मी हा चित्रपट पाहिला, तेव्हा डुक्कर पकडण्याच्या प्रसंगाला पुढच्या रांगांतून मोठ्याने हसू येत होते. पडद्यावरचे गावकरीही हसत होते. दोन्हीकडचे हसणे काही वेळ एकमेकांत असे मिसळले की कोणते कोणाचे ते वेगळे काढता येईना. मग जब्याने दगड उचलला. पडद्यावरचे हसणे आधी थांबले की आपल्या बाजूचे, हे मला त्या अंधारात नीटसे कळले नाही.